सुरतेची पेठ आणि तिचे महाजन

मराठी वाचकाला सुरतेची ओळख बहुधा एकाच प्रसंगाने झालेली असते. शाळेच्या पुस्तकात सुरतेच्या लुटीचा धडा येतो आणि महाराजांची फौज संपत्ती घेऊन परतली की ते शहर आपल्या इतिहासातून दिसेनासे होते. फौज परतल्यावर तेथे काय झाले, जळालेली दुकाने पुन्हा कोणी उघडली, सहा वर्षांनी पुनश्च लुटण्याजोगे तेथे काय उरले होते, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. वस्तुतः लुटीइतकाच विचार करण्याजोगा भाग तो आहे. १६६४ आणि १६७० च्या दोन स्वाऱ्या, १८३७ ची आग व त्याच वर्षी आलेला तापीचा पूर, मुंबईच्या उदयाने ओसरलेला व्यापार, १९९४ ची प्लेगची साथ, २००६ चा महापूर इतके सारे सोसूनही ही पेठ नांदती राहिली. तिच्या या चिवटपणाचे श्रेय किल्ल्याला किंवा तटाला देता येत नाही. ते बऱ्याच अंशी महाजन नावाच्या संस्थेकडे जाते.

महाजन हा शब्द आपणांस परका नाही, परंतु त्याचा अर्थ प्रांतोप्रांती पालटतो. गोमंतकात महाजन म्हणजे देवस्थानाचे परंपरागत मानकरी व कारभारी. पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये त्यांच्या मंडळांसाठी, म्हणजेच माझानियांसाठी, नियम केले आणि १९३३ मध्ये त्या नियमांस नवे रूप दिले. देशावर शेटे-महाजन ही जोडी होती. गावाला जसे पाटील आणि कुलकर्णी, तसे पेठेला शेटे आणि महाजन. शेट्याने पेठ वसवावी, वाणी-उदमी आणून बसवावेत, महाजनाने तिची लिखापढी पाहावी आणि दोघांनी दुकानांमागे आपापला हक्क वसूल करावा, अशी ती वतनी व्यवस्था होती. तिचे बळ सरकारी सनदेत होते आणि सरकार बदलले की ती सनद नवी करून घ्यावी लागे.

सुरतेतील महाजन निराळा. तेथे महाजन हा हुद्दा नव्हता, ती एक सभा होती. एकेका धंद्यातील दुकानदार एकत्र येऊन आपले महाजन बांधीत, आणि या निरनिराळ्या महाजनांच्या वर वाणी समाजाचे मोठे महाजन व नगरशेठ असत. या सभेपाशी शिपाई नव्हते, तुरुंगही नव्हता. तिचा हुकूम मोडणाऱ्यास दंड होई, आणि तो न भरल्यास त्याच्याशी कोणी व्यवहार करीत नसे. ज्या शहरात सारी देवघेव पतीवर चालते तेथे ही शिक्षा तुरुंगवासाहून कडक ठरते, हे व्यापाऱ्यांस सांगावयास नको.

सुरतेचा व्यापार किती दूरवर पसरला होता हे ध्यानात घेतल्याशिवाय या पतीचे मोल कळणार नाही. तापीच्या मुखाशी जहाजे लागत, हजचे यात्रेकरू येथूनच निघत, आणि शहराच्या पूर्वेकडील दरवाजातून निघणारी वाट नवापूर, नंदुरबार या आपल्या खानदेशातील ठाण्यांवरून बऱ्हाणपुरास व तेथून पुढे आग्र्यास जाई. बऱ्हाणपुरी भागळ हे नाव सुरतेच्या एका वस्तीने अजून जपले आहे. १६४४ मध्ये शाहजहानच्या अमदानीत प्रवाशांसाठी बांधलेली मुघल सराई आजही उभी आहे आणि तीत महानगरपालिकेची कचेरी भरते. एवढ्या पसाऱ्यात नगद नाणे थोडे आणि हुंडी फार. हुंडी म्हणजे अखेर एक कागदच. तो कागद शेकडो कोसांवर वटतो, कारण लिहिणाऱ्याच्या शब्दामागे त्याची सारी पेठ उभी असते.

आता १६६४ च्या जानेवारीकडे वळू. महाराजांनी बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर तळ दिला तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. विरजी व्होरा, हाजी जाहीद बेग अशा धनाढ्यांचे वाडे लुटले गेले. इंग्रज आणि डच यांनी आपापल्या वखारी राखल्या. महाजनांनी काय केले? काही करू शकले नाहीत. ज्यांना किल्ल्यात शिरता आले ते शिरले, बाकीचे वाट फुटेल तिकडे गेले. महाजनांच्या संस्थेची मर्यादा येथे स्वच्छ दिसते. दूरचा शत्रू चार दिवसांसाठी येतो, त्याला पेठ उद्या उघडेल की नाही याची पर्वा नसते. बंद दुकानाचे भय त्यालाच वाटते, ज्याचे पोट त्या दुकानावर चालते. म्हणजे राजाला. या लुटीनंतर औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांस वर्षभर जकात माफ केली आणि शहराभोवती विटांचा तट बांधण्याचा हुकूम दिला. बादशहाला या पेठेची किती गरज होती, ते यावरून कळते.

या गरजेचा उपयोग व्यापाऱ्यांनी पुढे पाच वर्षांनी केला. १६६९ हे वर्ष सुरतेच्या इतिहासात दोन लुटींच्या मधोमध येते आणि त्यामुळेच बहुधा दुर्लक्षित राहते. त्या वर्षी शहराच्या काजीने वाण्यांवर धर्मांतरासाठी जुलूम आरंभिला. पैसे उकळणे चालूच होते. इंग्रजांच्या एका जुन्या सराफाच्या पुतण्यास बळाने मुसलमान करण्यात आले, तेव्हा पेठेचा धीर सुटला. महाजनांपैकी पाच पुढारी इंग्रजांच्या वखारीचा मुख्य जेराल्ड ऑन्जियर याजकडे गेले आणि मुंबईत आश्रय मिळेल काय, असे त्यांनी विचारले. मुंबई वसविण्याची ज्यास मोठी हौस, असा हा गृहस्थ. तरीही तो कचरला. एवढा समुदाय नेला तर बादशहाची इतराजी होऊन सुरतेतील वखारीवर गदा येईल, हे त्याने ओळखले आणि आपण अहमदाबादेकडे जावे, असा सल्ला त्यांस दिला.

सप्टेंबरच्या अखेरीस सुमारे आठ हजार वाणी घरेदारे सोडून शहराबाहेर पडले. बायकामुले त्यांनी भाऊबंदांच्या हवाली केली आणि ते भडोचेस जाऊन राहिले. त्यांचा पुढारी होता भीमजी पारेख, कंपनीचाच दलाल. जाण्यापूर्वी सर्वांनी आपणांस बांधून घेतले होते की महाजनांचा हुकूम होईतो कोणीही दुकान उघडू नये, उघडील त्यास जबर दंड. हा हुकूम कसा पाळला गेला याचे वर्णन इंग्रजांच्या त्या वेळच्या पत्रांत आढळते. शहरात दाणागोटा मिळेना. टांकसाळ बंद पडली, जकातीचे ठाणे बंद पडले. घरखर्चालाही कोठे पैसा मिळेनासा झाला, मग व्यापाराची गोष्टच दूर. काजीस याचा संताप आला खरा, पण सुभेदार त्याच्या मागे गेला नाही. जकात बुडाली तर जाब आपल्याला द्यावा लागेल, हे तो जाणून होता.

तीन महिने असे गेले. बादशहाकडून अभयाचे पत्र आले, यापुढे धर्माच्या बाबतीत जाच होणार नाही असा भरवसा मिळाला, आणि २० डिसेंबरच्या सुमारास मंडळी परत आली. एकाही माणसाने शस्त्र उचलले नाही. त्या काळच्या हिंदुस्थानात, आणि औरंगजेबासारख्या बादशहासमोर, हे घडले हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. अर्थात दहा महिन्यांतच ऑक्टोबर १६७० मध्ये मराठ्यांची फौज पुन्हा आली आणि भडोचेहून परतून उघडलेली दुकाने पुन्हा लुटली गेली.

या भीमजी पारेखाचे नाव मराठी अभ्यासकांस आणखी एका कारणाने ठाऊक असते. छापखाना काढून आपले जुने ग्रंथ छापावेत अशी त्याची मनीषा होती, आणि त्याच्याच विनंतीवरून कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईस पाठविला. छापणाऱ्यास देशी अक्षरांचे ठसे पाडता येईनात आणि तो बेत तसाच राहिला. गोमंतकाचे थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ च्या आपल्या मुद्रणविषयक इंग्रजी ग्रंथात या प्रकरणाची नोंद घेतली आहे.

हरताळ हे महाजनांचे मोठे शस्त्र, पण रोजचे काम निराळे होते, आणि पेठ टिकली ती मुख्यतः या रोजच्या कामामुळे. जाता जाता शब्दाविषयी. आपण एखाद्या गोष्टीला हरताळ फासतो तेव्हा तो पिवळा खनिज रंग असतो, लिहिलेली अक्षरे पुसण्यासाठी पोथीवर लावीत तो. दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ वेगळा. तो गुजराती हडताळ, म्हणजे हाटाला लावलेले ताळे. दोन्ही शब्द मराठीत एकरूप झाले आहेत आणि अर्थानेही फार दूर नाहीत.

रोजच्या कामात पहिली गोष्ट पैशाची. मालाच्या देवघेवीवर महाजन एक लहानसा कर बसवीत. त्याला लागा म्हणत. धंद्यात नव्याने पडणाऱ्याकडून प्रवेशाची रक्कम घेतली जाई, बापाचाच धंदा चालविणाऱ्या मुलास ती माफ असे. दंडाचे उत्पन्न होतेच. गुजरातेतील महाजनांची आणखी एक तऱ्हा मोठी गमतीची होती. एखादा दिवस ठरवून त्या धंद्याची सगळी दुकाने बंद ठेवावयाची, फक्त एक उघडे ठेवावयाचे, आणि ते एक दुकान उघडण्याचा हक्क लिलावात विकावयाचा. येणारी रक्कम महाजनांच्या खजिन्यात जमा होई. स्पर्धेचा एवढा धसका घेतलेल्या लोकांनी स्पर्धेतूनच धर्मादायाचा पैसा काढावा, यातील व्यवहारचातुर्याचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही.

दुसरी गोष्ट सुट्टीची आणि कामाच्या तासांची. कोणत्या दिवशी दुकाने बंद, सण कोणते पाळावयाचे, हे महाजन ठरवीत. अहमदाबादेतील १८७३ चे एक उदाहरण इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. गवंड्यांपैकी काहीजण पहाटे उठून जादा काम करीत, त्यामुळे इतरांना काम मिळेना. गवंड्यांच्या पंचांनी बैठक भरवून ठरविले की सर्वांना पुरेल इतके काम नसता कोणी जादा वेळ काम करू नये. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात पुष्कळ दोष दिसतील. परंतु ज्या कुटुंबांची चूल त्या ठरावाने पेटली त्यांनी असा विचार केला असेल, असे वाटत नाही.

तिसरी गोष्ट पांजरपोळ. लाग्याचा पुष्कळसा पैसा मंदिरांकडे आणि जनावरांकडे जाई. १६८९ मध्ये सुरतेस आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने येथील जनावरांच्या रुग्णालयाचे वर्णन केले आहे. गायी, घोडे, शेळ्या, कुत्री यांच्यासाठी तेथे सोय होती. शिवाय ढेकूण-पिसवांच्या पोषणासाठी एखाद्या गरीब माणसास पैसे देऊन रात्रभर बाजेवर निजवीत, असेही तो लिहितो. युरोपीय प्रवाशांनी ही हकीकत वारंवार चघळली. ती मुळाबरहुकूम खरी असो वा तिखटमीठ लावलेली असो, पेठेचा पैसा पेठेबाहेरच्या कामाकडे वळविणारी एक यंत्रणा तेथे होती, एवढे तीवरून सिद्ध होते.

येथवर वाचून महाजन म्हणजे सर्व नगराचे मायबाप, असा कोणाचा समज झाल्यास तो दुरुस्त केला पाहिजे. हे महाजन मुख्यतः हिंदू-जैन वाण्यांचे. पारशांची पंचायत निराळी होती. दाऊदी बोहऱ्यांचा समाज आपल्या धर्मगुरूंच्या आज्ञेत चाले. विणकर, कारागीर, हमाल, गरीब मुसलमान यांना या सभेत स्थान नव्हते, पण तिच्या सराफांचे कर्ज मात्र त्यांच्या डोक्यावर असे. ऑगस्ट १७९५ मध्ये हा राग उफाळला. जमावाने वाण्यांच्या आणि सराफांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि मालाबरोबर हिशेबाच्या वह्याही नष्ट केल्या. वह्यांवरचा राग कशाचा होता हे वेगळे सांगावयास नको.

१६६९ मध्ये शहर सोडून राजाला नमविणाऱ्यांच्या वंशजांनी या वेळी निराळा मार्ग धरला. नवाब आपले रक्षण करीत नाही म्हणून ते इंग्रजांकडे गेले. किल्ला इंग्रजांनी १७५९ मध्येच घेतला होता. १८०० मध्ये सर्व कारभार त्यांच्या हाती आला, आणि १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांनीही सुरतेवरील आपला हक्क सोडला. त्रावाडी अर्जुनजी नाथजी यांच्यासारख्या सावकारांनी कंपनीला हुंड्यांनी पैसा पुरविला होता. लक्ष्मी सुब्रमण्यन यांनी या काळातील इंग्रज व बनिया यांच्या हातमिळवणीवर सविस्तर लिहिले आहे. तोर्री या इटालियन अभ्यासकाने त्यांच्या प्रतिपादनास आक्षेप घेतला आहे. हातमिळवणी किती घट्ट होती याविषयी वाद असू शकेल, पण पेठ वाचविण्यासाठी महाजनांनी शहर परक्यांच्या ओटीत घातले, हा ठपका पूर्णपणे पुसता येईल असे मला वाटत नाही.

नव्या राजालाही ते शस्त्र लवकरच दिसले. १८३७ च्या एप्रिलात मच्छलीपीठेतील एका घरात उकळत्या डांबराने पेट घेतला, शेजाऱ्याने पाणी नाकारले असे सांगतात, आणि दोन दिवसांत नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. पावसाळ्यात तापीने उरलेसुरले धुऊन नेले. पुष्कळ व्यापारी मुंबईस गेले ते याच काळात. जे राहिले त्यांच्यावर १८४४ मध्ये मिठाचा वाढीव कर आला. मणामागे आठ आणे होता तो एक रुपया झाला. २९ ऑगस्टला सुरत रस्त्यावर उतरली, पेठ बंद पडली, आणि सरकारला तो कर बारा आण्यांवर आणावा लागला. १८४८ मध्ये बंगाली वजने-मापे लादण्याचा घाट घातला गेला, तोही हरताळापुढे सोडून द्यावा लागला. दांडीच्या यात्रेच्या शहाऐंशी वर्षे आधी, दांडीपासून फारशा दूर नसलेल्या शहरात मिठासाठी हरताळ झाला होता, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडते.

१८७८ मध्ये मात्र निराळे घडले. परवाना कराविरुद्ध दुकाने बंद झाली, दंगा झाला, गोळीबार झाला, आणि कर राहिला तो राहिलाच. कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. तोवर पश्चिम किनाऱ्याचा व्यापार मुंबईस गेला होता, आगगाडी सुरू झाली होती. सुरतेची जकात बुडाली तर साम्राज्याचे काही अडणार नव्हते. आणि १८५२ मध्ये नगरपालिका आली, न्यायालये आली. रस्ता, दिवा, पाणी, तंटा ही कामे एकामागून एक महाजनांच्या हातून सुटत गेली. पांजरपोळ आणि नगरशेठाचा मान उरला.

मुंबईकडे गेलेला व्यापार काही परत आला नाही, पण सुरतेने दुसरा उभा केला. जर होतीच. येवल्याच्या पैठणीचा पदर आजही बहुधा सुरतेच्या जरीने भरलेला असतो. पुढे कृत्रिम रेशमाचे माग आले, हिऱ्यांचे कारखाने आले. १९४० मध्ये दक्षिण गुजरातचे चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले. रिंग रोडवरील कापड बाजारांनी आपल्या संघटनांचा महासंघ केला, हिरेवाल्यांनी आपले मंडळ काढले. कायद्याच्या दृष्टीने या साऱ्या संस्था नव्या, त्यांना नोंदणी आहे, निवडणुका आहेत, जातीची अट नाही. पण संकट आले की त्यांचा हात जुन्याच कुलपाकडे जातो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा कापड बाजार दोन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिला. कर टळला नाही. पुढे कापडावरील कर ५ वरून १२ टक्क्यांवर नेण्याचे ठरले. १ जानेवारी २०२२ ही तारीख ठरलेली. ३० डिसेंबर २०२१ रोजी सुरतेचे बाजार बंद झाले, आणि दुसऱ्याच दिवशी परिषदेने ती वाढ स्थगित केली. काही राज्यांचाही विरोध होता, हे नमूद केले पाहिजे. तरी १८४४ ची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

हिऱ्यांची गोष्ट अधिक कठीण आहे. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ येथे पैलू घेतात असे म्हणतात. त्यांचा जुना बाजार महिधरपुऱ्यात, जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत, रस्त्यावरच भरतो. व्यापाऱ्यांनीच एकत्र येऊन नफा न घेणारी कंपनी काढली आणि खजोद येथे हिरे बाजाराची अवाढव्य इमारत उभारली. १७ डिसेंबर २०२३ रोजी तिचे उद्घाटन झाले. सुमारे साडेचार हजार कचेऱ्यांची तीत सोय आहे, पण पहिल्या वर्षी त्यांपैकी फारच थोड्या उघडल्या. गल्लीतील पत वातानुकूलित दालनात इतक्या सहजी हलत नसावी. दरम्यान २०२२ पासून रशियाच्या हिऱ्यांवर निर्बंध आले, प्रयोगशाळेत घडविलेल्या हिऱ्यांनी खाणीच्या हिऱ्यांचा भाव पाडला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात बसविली. कारखान्यांतून कामगार कमी झाले.

भडोचेस निघून जावे तर सुभेदार कासावीस होत असे. महिधरपुरा उद्या आठवडाभर बंद राहिला तर वॉशिंग्टनमध्ये कोणास त्याची खबर लागेल? संघटनांनी दिल्लीस निवेदने दिली, नव्या बाजारपेठा शोधण्यासाठी परदेशी मंडळे धाडली. आणि महिधरपुऱ्यात दुपारी माणसे नेहमीप्रमाणे जमत राहिली. स्कूटरच्या बैठकीवर कागदाची पुडी उलगडावयाची, भिंग लावून खडा उन्हात धरावयाचा, भाव बोलावयाचा. बराचसा सौदा अजून तोंडीच ठरतो, उधारीची मुदतही तोंडीच ठरते, आणि मोडला तर आधी चार वडीलधाऱ्यांपुढे जातो.